नाट्यसंस्थेच्या कार्यकारिणीवर जाण्याआधी कोणते कागद बघायचे

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देतोय ते कळेल. जिल्ह्याच्या ठिकाणी तीसएक वर्षं चालू असलेली हौशी नाट्यसंस्था. दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेत उतरते, उन्हाळ्यात मुलांचं नाट्यशिबिर घेते. तुम्ही हायस्कूलमध्ये शिक्षिका, दोन वर्षं त्यांच्या नाटकांचं पार्श्वसंगीत सांभाळलंत. आता त्यांनी 'कार्यकारिणीवर या, फार काही नसतं, महिन्याला एक मीटिंग' अशी गळ घातली आहे. मिस्टर म्हणतात, उगाच सह्याबिह्या करून अडकू नकोस. आणि तुम्ही विचारताय, जाऊ का, आणि गेले तर तिथे नेमकं करायचं काय.

मी अशाच एका संस्थेच्या कार्यकारिणीवर सतरा वर्षं होतो. पहिली चार वर्षं नुसता सदस्य, मग नऊ वर्षं कोषाध्यक्ष, शेवटची चार कार्यवाह. त्या अनुभवावरून सांगतो, 'जाऊ का' याचं उत्तर तुमच्या मनात बहुधा ठरलेलं आहे. नाटकाच्या तालमीला रात्री अकरापर्यंत बसलेला माणूस नाही म्हणत नाही. खरा प्रश्न तुमच्या मिस्टरांनी विचारलाय आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सही केल्यावर तुम्ही नेमक्या कोण होता, आणि कशाला बांधल्या जाता?

आपल्याकडच्या बहुतेक नाट्यसंस्थांची नोंदणी दुहेरी असते. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था म्हणून, आणि १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, म्हणून. लेटरहेडवर 'एफ' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसला, तर ही दुसरी नोंदणी झालेली आहे असं समजा. अशा संस्थेत कार्यकारिणीचा सदस्य धर्मादाय कार्यालयाच्या, म्हणजे न्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, लेखी विश्वस्तच असतो, मग मीटिंगमध्ये त्याचं काम चहा सांगण्याचं का असेना. विश्वस्तांनी कर्तव्यात कसूर केल्यामुळे संस्थेचं नुकसान झालं, तर त्याचा जाब त्यांना विचारला जाऊ शकतो. विश्वस्ताला निलंबित करण्याची, काढून टाकण्याची तरतूदही कायद्यात आहे.

हे वाचून घाबरू नका. हौशी नाट्यसंस्थेपायी कुणाच्या घरावर जप्ती आलेली मी पाहिलेली नाही. पाहिलं ते वेगळंच. संस्था बंद पडत नाही, फक्त कागदावर गोठते, आणि मग चालती फिरती माणसं त्या गोठलेल्या कागदाशी झटापट करत बसतात.

आमचंच सांगतो. मी कोषाध्यक्ष झालो त्या वर्षी स्पर्धेच्या अंतिम फेरीला जायचं होतं. आधीचे कोषाध्यक्ष मुलाकडे राहायला गेले होते, त्यामुळे बँकेत सह्या बदलायच्या होत्या. मी आणि कार्यवाह ठरावाची प्रत घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंनी ठराव पूर्ण वाचला, शांतपणे बाजूला ठेवला आणि 'पीटीआरचा उतारा?' असं विचारलं. उतारा म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतली आपल्या संस्थेची नोंद. तो काढला तर त्यावर सात नावं. दोघं वारलेले. एकजण गाव सोडून गेलेला. एकाने आमच्याशी भांडून स्वतःची वेगळी संस्था काढलेली. आणि मी, जो चार वर्षं इमानेइतबारे मीटिंगला बसत होतो, तो त्या कागदावर कुठेच नव्हतो.

कारण साधं होतं. निवडणुका होत होत्या, इतिवृत्तं लिहिली जात होती, पण चेंज रिपोर्ट कुणी दाखलच केला नव्हता. विश्वस्तांमध्ये बदल झाला की ९० दिवसांच्या आत तो कळवायचा असतो, त्याच १९५०च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे. आमचे अकरा वर्षांचे बदल थकले होते. आणि ते एकदम उरकत नाहीत. एकामागून एक, क्रमाने दाखवावे लागतात. प्रत्येक निवडणुकीची नोटीस, ती सगळ्या सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीपट, ठराव, नव्या माणसाचं संमतीपत्र, जुन्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. दिवंगत सभासदाच्या मुलाकडे मी दाखला मागायला गेलो तेव्हा तो दारातच म्हणाला, "बाबा अजून तुमच्या संस्थेत आहेत?" काय बोलणार! ते सगळं निस्तरायला अडीच वर्षं लागली आणि त्या वर्षीचा स्पर्धेचा खर्च दोघांच्या खिशातून झाला. या खिशाचं पुढे काय झालं तेही सांगतो.

म्हणून 'हो' म्हणायच्या आधी तीन कागद मागा. पहिला, पीटीआरचा ताजा उतारा. त्यावरची नावं आणि आज मीटिंगला बसणारी माणसं जुळतात का बघा. कार्यवाहांकडे उतारा नसेल तर धर्मादाय कार्यालयातून नक्कल काढता येते. दुसरा, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. तिसरा, गेल्या वर्षभराचं इतिवृत्ताचं पुस्तक. शिवाय संस्थेची घटना, म्हणजे तिची नियमावली, वाचायला घ्या, पण ती घरी नेऊन निवांत वाचता येईल. हे तीन कागद त्यांच्यासमोर बसून चाळले तरी चालतात.

कागद मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, हीसुद्धा माहितीच आहे. "अरे वा, घ्या की" म्हणणारे असतात. "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणणारेही असतात. दुसऱ्या प्रकारच्यांची मी लगेच शंका घेत नाही. नाटकवाल्या माणसांना कागदाची चीड असते, मलाही होती. पण दोन आठवड्यांनंतरही कपाटाची किल्ली सापडत नसेल तर तुम्ही थांबा. पार्श्वसंगीत करत राहा, त्याला कुणाची सही लागत नाही.

इथे एक कबुली देतो. पुढचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. संस्थेच्या नावावर जागा किंवा तालमीचा हॉल आहे का, पगारी माणूस आहे का, आयकराची नोंदणी केली आहे का, फक्त स्पर्धा करतात की तिकीट लावून प्रयोगही करतात, यावर कामाचा बोजा ठरतो. फक्त स्पर्धेत उतरणारी, चार लाखांच्या आत वर्ष काढणारी संस्था आणि स्वतःचा हॉल भाड्याने देणारी संस्था यांत फार फरक. जागा असेल तर ती विकताना, किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने देताना, धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. 'एका सभासदाच्या ओळखीच्या बिल्डरने पुनर्विकासाचं सुचवलंय' असं कानावर आलं असेल, तर वकिलाशी बोलल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. बाकीच्या गोष्टी निभावता येतात.

आता लेखापरीक्षण अहवाल हातात आल्यावर काय बघायचं. तुम्ही म्हणाल, मी मराठी शिकवते, मला ताळेबंद काय कळणार. मीही कोषाध्यक्ष झालो तेव्हा मला कळत नव्हता. चार ओळी शोधायच्या, बस.

पहिली ओळ 'कायम निधी' किंवा 'आजीव सभासद निधी'. आजीव वर्गणी ही एकदाच येणारी रक्कम. बहुतेक घटनांमध्ये ती मुदत ठेवीत ठेवून फक्त व्याज खर्चायचं असं लिहिलेलं असतं. पण एखाद्या वर्षी नेपथ्य महागडं होतं, ठेव मोडली जाते, 'पुढच्या वर्षी परत टाकू' म्हणतात आणि टाकत नाहीत. निधीचा आकडा एका बाजूला आणि ठेवीचा आकडा दुसऱ्या बाजूला शेजारी ठेवून बघा. निधी अडीच लाख आणि ठेव नव्वद हजार असेल तर मधले एक लाख साठ हजार कुठे गेले, हा तुमचा पहिल्या मीटिंगमधला प्रश्न.

दुसरी ओळ 'येणे'. आमच्या ताळेबंदात 'स्मरणिका जाहिरात येणे, ६२,०००' अशी ओळ होती. आदल्या वर्षीही ६२,०००. त्याच्या आदल्या वर्षीही. म्हणजे चार वर्षांपूर्वी कुणीतरी ओळखीच्या दुकानदारांच्या जाहिराती छापल्या, पैसे मागायची लाज वाटली, आणि तो आकडा मालमत्ता म्हणून दरवर्षी दिमाखात पुढे येत राहिला. आम्ही एका रविवारी तिघं मिळून फिरलो, अठरा हजार वसूल झाले. बाकीचे रीतसर ठराव करून बुडीत खाती टाकले. संस्था त्या दिवशी कागदावर गरीब झाली, पण पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक पहिल्यांदाच खरं झालं.

तिसरी ओळ 'देणे', त्यातही 'सदस्यांकडून हातउसने'. हा तो खिसा. अंतिम फेरीच्या वेळी अध्यक्ष आणि एक ज्येष्ठ सदस्य यांनी मिळून रक्कम घातली, कुठे लिहिलं नाही. तीन वर्षांनी अध्यक्ष बदलले तेव्हा जुन्या अध्यक्षांनी ती व्याजासकट मागितली. त्यांची चूक म्हणावी तर त्यांनीच तेव्हा संस्थेला तारलं होतं. पण सार्वजनिक न्यासासाठी विश्वस्तांना परस्पर कर्ज उचलता येत नाही, त्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नव्हती. शेवटी त्यांनी रक्कम देणगी म्हणून सोडून दिली आणि संस्थाही सोडली. रंगमंचावर त्यांच्याइतका खणखणीत आवाज आमच्याकडे पुन्हा आला नाही. म्हणून माझं मत असं की कुणी खिशातून घालत असेल तर त्याच दिवशी विचारायचं, 'देणगी ना? मग पावती फाडू.' पावती नको म्हणाले तर पैसेही नकोत, प्रयोग साधा होऊ दे.

चौथी ओळ ताळेबंदात नसते. ती व्हाउचरच्या फायलीत सापडते. 'नेपथ्य साहित्य, १८,४००', खाली ना बिल ना सही. एखादं चालतं, सुतार आणि टेम्पोवाले सगळेच बिल देत नाहीत. पण फायलीतली निम्मी पानं अशी असतील तर त्या संस्थेत पैसे खाल्ले जातात असं मी लगेच म्हणणार नाही. तिथे कोषाध्यक्ष एकटा पडलाय, एवढं नक्की.

आणि हे एकटं पडणं का होतं? नाट्यसंस्थेतला खर्च तालमीच्या शेवटच्या पंधरा दिवसांत होतो आणि तेव्हा मीटिंग घ्यायला कुणाला वेळ नसतो. आमच्या एका दिग्दर्शकाला फिरता रंगमंच हवा होता. कार्यकारिणीने नेपथ्याला चाळीस हजार मंजूर केले होते. अध्यक्ष तालमीला आले, भारावून गेले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "करा, बघू." 'बघू'ची किंमत जादा एकतीस हजार झाली. नाटकाला नेपथ्याचं बक्षीसही मिळालं, आणि बक्षीस मिळाल्यावर हिशेब विचारणारा माणूस खलनायक दिसतो, हे मी स्वतः भोगलंय.

त्यानंतर आम्ही एक कागद सुरू केला. तालमी सुरू होण्याआधी एकच पान. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा, संगीत, लेखकाचं मानधन, तालमीची जागा, टेम्पो, चहापाणी. प्रत्येकासमोर एक आकडा आणि त्या खात्याच्या माणसाची सही. खाली एकूण. एकूण आकडा कार्यकारिणीचा, तो कुणीही तोंडी वाढवायचा नाही, अध्यक्षांनीही नाही. आतले आकडे मात्र दिग्दर्शकाचे. त्याला नेपथ्यावर दहा हजार जास्त हवेत तर वेशभूषेतून काढावेत, आम्ही विचारणार नाही का म्हणून. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. तिसऱ्या वर्षी एक तरुण दिग्दर्शिका स्वतःच ते पान भरून घेऊन आली, टेम्पोचे दोन दरपत्रकं जोडून.

यातूनच मी दुसऱ्या मुद्द्यावर येतो, जिथे तुमच्यासारखी नाटकातून आलेली माणसं हमखास घसरतात. कार्यकारिणीवर गेलात की नाटक कोणतं करायचं, कुणाला भूमिका द्यायची, तो प्रवेश लांबलाय का, यावर बोलायचा मोह होतो. शेवटी आवड तीच असते. माझा सल्ला, संहिता निवडण्यापर्यंत बोला. संहिता आणि दिग्दर्शक एकदा ठरले की तालमीच्या दाराबाहेर थांबा. बोलावलं तर जा.

कार्यकारिणी आणि कलावंत यांच्यातलं भांडण काय करू शकतं याचं आपल्याच रंगभूमीवरचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने डिसेंबर १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणलं. वाद पेटला, संस्थेनेच प्रयोग थांबवले, आणि १९७३ मध्ये बाहेर पडलेल्या मंडळींनी थिएटर अकादमी काढून तेच नाटक पुढे नेलं, थेट परदेशापर्यंत. यात कोण बरोबर हा वाद लोक अजून घालतात. मी कार्यकारिणीच्या खुर्चीतून बघतो तेव्हा मला वेगळंच दिसतं. संस्थेने नाटक करायचं ठरवलं तेव्हाच ते कोणाला टोचणार याची चर्चा व्हायला हवी. पहिल्या प्रयोगानंतर ती केली की नाटकही जातं आणि माणसंही जातात. आमच्याकडे एकदा जाहिरातदाराच्या आग्रहावरून एक वाक्य गाळायची मागणी झाली, स्पर्धेच्या चार दिवस आधी. आम्ही जाहिरात परत केली. शूरपणा वगैरे काही नव्हता. मंजूर संहितेत चार दिवस आधी ढवळाढवळ करायची भीती जास्त होती, कारण रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र ज्या संहितेला मिळतं तीच सादर करायची असते.

संहितेवरूनच आठवलं. 'आपण काय धंदा करतो का, हौशी संस्थेला लेखकाची परवानगी लागत नाही' हे वाक्य तुम्हाला ऐकू येईलच. ते अर्धवट खरं आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळाच्या प्रयोगाला सूट आहे, पण प्रेक्षकांकडून पैसे घेतले नाहीत तर, किंवा प्रयोग धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल तर. तिकीट लावलं की सूट संपली, आणि तिकिटाला 'देणगी प्रवेशिका' म्हटल्याने ते फुकट होत नाही. लेखक जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर वारसांची परवानगी घ्या, लेखी घ्या. मानधनाचा आकडा बहुतेक लेखक हौशी संस्थांना सांभाळून घेतात. न विचारता केलेला प्रयोग मात्र ते विसरत नाहीत.

देणगी प्रवेशिकेचा आणखी एक घोळ. प्रेक्षक विचारतो, 'यावर ऐंशी-जीची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मिळेल ना?' ज्याच्या बदल्यात खुर्ची मिळाली ती देणगी नव्हे, त्यामुळे नाही. खरी देणगी असेल आणि संस्थेची तशी नोंदणी असेल तर हो, पण २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात बसत नाही, चेकने किंवा ऑनलाइन घ्यायची. जीएसटीचं म्हणाल तर नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर लागत नाही, आपल्या संस्था त्यातच बसतात. नाटकाचं उत्पन्न आयकराच्या दृष्टीने कशात मोडतं आणि व्यापारी स्वरूपाच्या उत्पन्नावरची २० टक्क्यांची मर्यादा लागू होते का, हे मात्र सीएला विचारा. इथे मी शहाणपणा करणार नाही.

परदेशातल्या देणगीचं तेवढं नीट लक्षात ठेवा, कारण हा सापळा प्रेमाने येतो. जुना कलावंत अमेरिकेत स्थायिक झालेला असतो, रौप्यमहोत्सवाला पन्नास हजार पाठवतो म्हणतो. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या कमाईचे असतील, तर अडचण नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तो मराठीत कितीही सुंदर बोलत असला तरी कायद्याने 'परदेशी स्रोत' आहे, आणि एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ते पैसे घेणं गुन्हा ठरतो. आमच्याकडे असा एक मेसेज ग्रुपवर आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले होते आणि मला एकट्याला 'थांबा' लिहावं लागलं. बरं वाटलं नाही. त्या माणसाने पुढे इथल्या सुट्टीत येऊन मुलांना आवाजाची दोन दिवसांची कार्यशाळा दिली, पैशांपेक्षा ती उपयोगी पडली.

नात्यागोत्याचं थोडक्यात. अध्यक्षांचा जावई दिग्दर्शक, कार्यवाहांच्या भाच्याचं ध्वनिक्षेपकाचं दुकान, हे छोट्या गावात टळत नाही आणि टाळायची गरजही नाही. फक्त ज्याचा संबंध आहे त्याने त्या विषयापुरतं बाहेर जाऊन बसायचं, आणि ते बाहेर गेल्याचं इतिवृत्तात लिहायचं. दुसरं एक दरपत्रक फायलीला लावायचं. तुम्ही स्वतः पार्श्वसंगीताचं मानधन घेत असाल तर कार्यकारिणीवर गेल्यावर ते घेता येईल का हे आधी घटनेत बघा. बऱ्याच घटनांमध्ये पदाधिकाऱ्यांनी मोबदला घेऊ नये असं कलम असतं आणि ते कुणी वाचलेलं नसतं.

ज्यावर मी सगळ्यात जास्त आग्रही आहे ते शेवटी ठेवलंय. तालमी रात्री होतात, बंद हॉलमध्ये होतात, दिग्दर्शकाच्या हातात भूमिका असतात आणि समोर एकोणीस-वीस वर्षांच्या मुली असतात. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते, आणि 'काम करणारे' या व्याख्येत विनामोबदला काम करणारेही येतात. आमच्या संस्थेत ही समिती मी कार्यवाह झाल्यावर झाली, म्हणजे फार उशिरा. समिती झाल्यावर दोन महिन्यांनी एक मुलगी बोलली. प्रकरण तीन वर्षांपूर्वीचं होतं. तोपर्यंत तिने काम सोडलं होतं, आणि आम्ही सगळे 'तिला अभ्यास होता' असं समजून चाललो होतो. तुमच्या संस्थेत मुलांचं शिबिरही आहे. तिथे प्रत्येक वेळी दोन मोठी माणसं हजर असणं, रंगभूषेच्या खोलीत एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस न थांबणं, मुलाला घरी कोण नेणार याची पालकांच्या सहीची वही ठेवणं, हे शाळेत तुम्ही रोज करता. ते इथे आणायला तुमच्याहून योग्य माणूस त्यांना मिळणार नाही. गेलात तर पहिलं काम हेच मागून घ्या.

बाकी पहिले सहा महिने फार बोलू नका, फक्त इतिवृत्त वाचत जा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करताना लोक चहा घेत असतात. तेव्हाच 'ठरावात रक्कम लिहिलेली नाही' एवढं म्हटलं तरी पुष्कळ होतं. एखादा निर्णय पटला नाही तर विरोध नोंदवून घ्या, गोड शब्दांत पण नावानिशी. मिस्टरांच्या शंकेवर एवढंच उत्तर माझ्याकडे आहे. पुढे चौकशी झालीच, तर तुम्ही मनात काय म्हणाला होता ते कुणी विचारत नाही, पुस्तकात काय लिहिलंय ते बघतात. आणि सलग तीन सभांना जाता आलं नाही तर घटनेप्रमाणे पद जातं का ते बघा, दहावीच्या पेपर तपासणीच्या दिवसांत तुमची हमखास गैरहजेरी होणार.

त्यांना काय कळवायचं ते सुचत नसेल तर असं लिहा. 'आपण विचारलंत, आनंद झाला. होकार देण्याआधी पीटीआरचा उतारा, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि इतिवृत्त पाहायला मिळालं तर मला काम समजून घेता येईल. येत्या रविवारी संस्थेत येऊन बघते.' यात कुणाला लागण्यासारखं काही नाही.

सगळं ठीक निघालं आणि तुम्ही हो म्हणालात, तर चेंज रिपोर्टसाठी तुमच्याकडून संमतीपत्रावर सही घेतील. बऱ्याचदा तारखेची जागा कोरी ठेवून पुढे करतात, 'वकीलसाहेब भरतील' म्हणून. तारीख तिथेच, स्वतःच्या हाताने घाला आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तीन महिन्यांनी त्याच फोटोतली तारीख दाखवून कार्यवाहांना विचारता येईल, रिपोर्ट दाखल झाला का, आणि झाला असेल तर त्याचा क्रमांक काय.